शेवटचं पान आधी

बाहेर वारा असा, की पुंता अरेनासच्या चौकात
नगरपालिकेने दोर बांधलेत, धरून चालायला.
आत मी, यास्ना मिहोविलोविच,
एका निबंधाचं नाव चौकटीत टाकते
आणि पडदा भरून येतो.

एक वर्तुळ. त्याला धरून सात. मग दीडशे.
ज्याचा दाखला जास्त जणांनी दिला ते फुगलेलं,
जुनं ते फिकट, नवं ते गडद,
मधून रेघा, कोणी कोणाचं बोट धरलं त्याच्या.
विषय: तांबडी भरती. शिणाण्यांत उतरणारं विष.
किती खाल्ले की ओठ बधिरतात,
किती खाल्ले की श्वास.

सहा महिने हेच निबंध मी यादीने वाचत होते,
एकाखाली एक, उधारीच्या वहीसारखे.
आता दिसतं, हे तर गाव आहे!
ही रसायनवाल्यांची आळी, ती गणितवाल्यांची,
दोघींत एकच पूल, १९९३चा,
बांधणारीने पुढे काही लिहिलंच नाही.
इकडे चौघे मित्र, एकमेकांचेच दाखले देत बसलेले,
अहो रूपम्, अहो ध्वनिम्.

आणि पार खाली, काठाला,
एक ठिपका. मोहरीएवढा.
त्याच्याकडे एकही रेघ जात नाही.
मला वाटलं धूळ. बाहीने पुसला.
गेला नाही.

१९८१. अकरा पानं टंकलेली,
एन्ये अक्षरावरची लाट दर वेळी शाईने, हाताने.
एका खाडीच्या पाण्याचं तापमान, बस, एवढंच.
शेवटी बारीक अक्षरात:
'आभार, रोसाल्बा चिगुआय यांचे,
बोटीवरच्या स्वयंपाकाबद्दल,
आणि शिणाणे आधी मांजरीला घालून
आम्हाला तासभर उपाशी ठेवल्याबद्दल.'

हसले. मग हसू अर्ध्यात राहिलं.
हे नाव मी कुठेतरी वाचलंय.

सगळ्यात फुगलेलं वर्तुळ उघडलं, शेवटचं पान:
'नमुन्यांसाठी, आर. चिगुआय.'
शेजारचं: 'स्थानिक माहितीसाठी, सौ. चिगुआय.'
तिसऱ्यात चक्क 'रोसा चिगुए.'
पहाटेपर्यंत मी उलटी वाचत गेले,
निष्कर्ष नको, आलेख नकोत,
शेवटचं पान आधी.
एकतीस निबंध.
नकाशा दाखले मोजतो, आभार मोजत नाही.
तिच्यावाचून यातलं एकही पान हललं नसतं
आणि ती गावाच्या खिजगणतीतही नाही.

रविवारी गेले. निळ्या पत्र्याचं घर,
सामुद्रधुनीकडे पाठ करून बसलेलं.
वय चौऱ्याऐंशी. हात अजून मिठाने चरबरीत.
लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला.
'ही हुईरोची मुळं का,
दगडाला कवळून असतात तशी?'
नाही, म्हटलं, हे निबंध.
'एवढे?'
तिने बोटाने एक वर्तुळ दाबून पाहिलं,
पिकलंय का ते बघावं तसं.

मी वाट पाहत होते, आता विचारेल, मी कुठे आहे.
तिने विचारलं, 'मांजर कुठाय?'

'सेनिसा. राखेच्या रंगाची.
तीनदा तोंड फिरवलंन, म्हणून आम्ही बारा माणसं जेवलो नाही.'
किटली उतरवली. झाकण पुसलं, परत पुसलं.
'चौथ्यांदा नाही फिरवलं.'
कधी?
'पलीकडच्या शाळेचा पत्रा उडाला त्या वर्षी.'

रात्री परत तोच पडदा.
नवं वर्तुळ जोडा, असं एक बटण आहे कोपऱ्यात.
लेखक: सेनिसा.
वर्ष: शाळेचा पत्रा उडाला ते.

चौकट लाल होते.
वर्ष चार आकडी हवं.